फेस एक दिवस ओसंडतो, दुसऱ्या दिवशी चढतच नाही: स्किमरचा व्हॉल्व्ह नेमका किती फिरवावा?

टिळकवाडीकर
१९ एप्रिल, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात टिळकवाडीत राहतो. गोड्या पाण्यातील मासे बारा वर्षे सांभाळल्यानंतर गेल्या नोव्हेंबरात खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडली. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, म्हणजे ढोबळ हिशेबाने अडीचशे लिटरची, आणि तिच्याखाली कपाटात तीन कप्प्यांचा संप आहे, म्हणजे टाकीतले पाणी उतरून ज्यातून फिरते आणि पंपाने परत वर जाते ती छोटी टाकी. दोन क्लाउनफिश, तीन डॅमसेल आणि एक क्लीनर कोळंबी एवढेच जीव सध्या आहेत. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येत असल्यामुळे ते ठेवण्याचा विचार नाही. टाकीत फक्त कोरडे खडक आणि वाळू आहे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (क्षारांच्या प्रमाणाचे माप) १.०२५ आणि तापमान २६ अंशांच्या आसपास असते.

पाणी बदलूनही नायट्रेट, म्हणजे खाद्य आणि विष्ठेपासून साठणारा घटक, लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली उतरेना आणि खडकांवर तपकिरी थर धरू लागला, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी संपमध्ये ठेवायचा नीडल व्हीलचा (काटेरी चाकाच्या पंपाचा) प्रोटीन स्किमर घेतला. हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे करून त्यांच्या फेसाबरोबर मळ वरच्या अरुंद गळ्यातून कपात काढते, आणि त्यातून बाहेर जाणारे पाणी एका व्हॉल्व्हने कमीजास्त करता येते. सोबतच्या पुस्तिकेत तो १८ ते २२ सेंटिमीटर खोल पाण्यात उभा करावा असे लिहिले आहे. संपचा मधला कप्पा अरुंद असल्यामुळे मी तो शेवटच्या कप्प्यात, पाणी परत टाकीत चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या शेजारी ठेवला आहे.

अडचण अशी आहे की स्किमर दोन दिवससुद्धा एकसारखा चालत नाही. रविवारी संध्याकाळी मी आठवड्याची कामे उरकतो, संपमध्ये कमी झालेले पाणी भरून काढतो आणि झोपायला जातो. सोमवारी पहाटे कप काठोकाठ भरलेला असतो, आणि त्यात घाण म्हणावी असे काही नसते, नुसते पिवळसर पाणी असते. मग मी व्हॉल्व्ह सैल करतो. मंगळवारी फेस बरा असतो. बुधवारपासून तो गळ्यात अर्ध्यापर्यंत चढतो आणि तिथेच बसतो, म्हणून मी व्हॉल्व्ह पुन्हा आवळतो, आणि पुढच्या रविवारी हेच सगळे पहिल्यापासून सुरू होते. गेल्या गुरुवारी वळवाच्या पावसात दीड तास वीज गेली होती. ती आल्यानंतर दहा मिनिटांत कप ओसंडून सगळी घाण परत संपमध्ये गेली आणि कपाटाचा तळ भिजला.

ज्यांच्याकडून स्किमर घेतला त्यांनी एवढेच सांगितले की व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत जा, फेस आपोआप वर येईल. मी सकाळ-संध्याकाळ आवळतो आणि सैल करतो, वहीत लिहूनही ठेवतो, परंतु त्यातून कोणताही नियम हाती लागत नाही. माझे प्रश्न तीन आहेत. स्किमरच्या आत पाण्याची पातळी कुठे असावी? एका वेळी व्हॉल्व्ह किती फिरवावा? आणि यंत्र सदोष आहे की माझी मांडणीच चुकली आहे?

---

निपाणीकर
२० एप्रिल, सकाळी ७.३०

तुमचे यंत्र सदोष नाही, आणि व्हॉल्व्हमध्येही काही बिघाड नाही. तुम्ही पाण्याच्या पातळीशी व्हॉल्व्हने झुंजत आहात, आणि ती झुंज कोणालाही जिंकता येत नाही. मी निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षे खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो आहे आणि पहिले चार महिने मी हीच चूक करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पातळी म्हणजे काय ते पाहू. स्किमरचा पंप हवा आणि पाणी एकत्र कुटून पाण्यात दुधासारखे बारीक बुडबुडे करतो. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांतले अनेक रेणू असे असतात की त्यांचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते. अशा रेणूंना पाणी आणि हवा यांच्या सीमेवरच थारा मिळतो, आणि बुडबुड्याचा पृष्ठभाग ही तशीच सीमा असते. बुडबुडे वर जाऊन गळ्यात एकमेकांवर रचले जातात, त्यांच्या मधले पाणी हळूहळू खाली निथळते, आणि जो फेस उरतो तो कपात सांडतो. गोड्या पाण्यात ही युक्ती घरगुती टाकीत चालत नाही, कारण तिथे बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून चटकन मोठे होतात आणि फुटतात. खाऱ्या पाण्यातले क्षार त्यांना तसे मिसळू देत नाहीत. बारा वर्षे गोड्या पाण्यात काढल्यावर हे यंत्र परके वाटणे म्हणूनच स्वाभाविक आहे.

आता फेस किती कोरडा होऊन कपात पडेल हे त्याला निथळायला गळ्यात किती उंची मिळते यावर ठरते. आतली पातळी वर असली की फेसाला निथळायला वाव मिळत नाही आणि पाणीच कपात येते. पातळी खाली असली की फेस अर्ध्या वाटेत मोडतो. तुमचा व्हॉल्व्ह बाहेर जाणारे पाणी अडवून ही पातळी वरखाली करतो, एवढेच त्याचे काम आहे. परंतु आतली पातळी केवळ व्हॉल्व्हवर अवलंबून नसते. स्किमर ज्या पाण्यात उभा आहे त्या पाण्याची उंची बदलली की तीही बदलते. त्यातच पाणी खोल झाले की पंपाला हवा ओढायला अधिक जोर लागतो, म्हणजे पातळी वाढते आणि हवा कमी होते. तुमचा सोमवारचा पिवळसर कप हा त्याच दोहोंचा परिणाम आहे.

तुमच्या संपमध्ये पहिल्या दोन कप्प्यांची पातळी मधल्या काचांच्या उंचीने बांधलेली आहे. बाष्पीभवनाने टाकीतले जे पाणी उडते त्याची सगळी घट शेवटच्या कप्प्यात दिसते, आणि स्किमर तुम्ही नेमका तिथे ठेवला आहे. हिशेब करून पाहा. तो कप्पा समजा ३० सेंटिमीटर लांब आणि ३५ रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १०५० चौरस सेंटिमीटर होते. एप्रिलमध्ये तुमच्या आकाराच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडते. दोन लिटर म्हणजे २००० घन सेंटिमीटर; त्याला १०५० ने भागा, म्हणजे रोज जवळजवळ दोन सेंटिमीटर पाणी उतरते. पुस्तिकेने तुम्हाला चार सेंटिमीटरची मुभा दिली आहे आणि ती दोन दिवसांत संपते. तुम्ही रविवारी भरता, मंगळवारी फेस बरा असतो, बुधवारी बसतो. तुमच्या वहीत नियम दिसतो आहे. तो व्हॉल्व्हच्या रकान्यात न शोधता पाणी भरण्याच्या रकान्यात शोधायला हवा होता.

उपाय दोन आहेत. पहिला आणि माझ्या मते खरा उपाय म्हणजे स्किमर मधल्या कप्प्यात आणणे, मग त्यासाठी एक काच काढून चार बोटे सरकवून पुन्हा सिलिकॉनने बसवावी लागली तरी चालेल. काच बसवल्यावर सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत संपमध्ये पाणी भरू नका. तिथे पाणी २२ सेंटिमीटरहून खोल निघाले तर स्किमरखाली पीव्हीसी पाइपचे सारख्या उंचीचे तुकडे किंवा जाड ॲक्रिलिकचा पाट ठेवून त्याला वर उचला. दुसरा उपाय म्हणजे फ्लोट स्विचवर, म्हणजे पातळी उतरली की पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचवर, चालणारा टॉप-अप पंप लावणे, म्हणजे उडालेले पाणी थोडे थोडे आपोआप भरत राहील. तो पुढेमागे लावावाच लागेल, परंतु फ्लोट अडकला तर तोच पंप सगळे साठवलेले गोडे पाणी संपमध्ये ओतू शकतो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर स्किमर शेवटच्या कप्प्यात ठेवणे मला पटत नाही. तोपर्यंत पाणी रविवारी एकदम न भरता रोज एकाच खुणेपर्यंत भरा.

जागा पक्की झाल्यावर लावणी अशी करा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, कप आणि गळा कोमट पाण्याने साबण न लावता धुवा आणि यंत्र एक दिवस तसेच चालू द्या. नव्या प्लास्टिकवर कारखान्यातले तेलकट अंश असतात, ते जाऊन आतून जैविक थर बसेपर्यंत कोणताही स्किमर विचित्रच वागतो. याला कधी चार दिवस लागतात, कधी दोन आठवडे. तुमचे तीन आठवडे झाले आहेत, म्हणजे तो काळ बहुधा सरला आहे. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह एवढाच आवळा की बुडबुड्यांचे पाणी जिथे संपते आणि फेस जिथे सुरू होतो ती रेघ गळ्याच्या तळाशी, किंवा त्याहून बोटभर खाली येईल. त्यानंतर एका वेळी घड्याळाच्या तबकडीवर पाच मिनिटांचे अंतर असते तेवढाच फिरवा आणि पुढचे २४ तास हात लावू नका. खाद्य टाकल्यावर किंवा टाकीत हात घातल्यावर काही तास फेस बसतोच. त्या वेळेत यंत्राबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका.

कपात काय यावे याबद्दल मतभेद आहेत. काही जण काढ्यासारखा काळा, दाट मळ आला तरच समाधान मानतात. तुमचे नायट्रेट पाहता मी तुम्हाला कोऱ्या चहाच्या रंगाचा, थोडा पातळ मळ काढायला सांगेन, कारण त्यात एकूण घाण जास्त निघते आणि गळ्यावर चिकट थर उशिरा धरतो. फक्त एक लक्षात ठेवा: कपात जाते ते खारे पाणी असते आणि तुम्ही भरता ते गोडे. रोज अर्धा लिटर पातळ मळ निघाला तर महिन्यात पंधरा लिटर खारे पाणी गेले, म्हणजे अडीचशे लिटरचे सहा टक्के. ३५ ची क्षारता (दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) महिन्याअखेर ३३ वर आलेली दिसेल. म्हणून पातळ मळ काढायचा असेल तर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजा.

---

वडगावची मत्स्यप्रेमी
२० एप्रिल, दुपारी १.०५

निपाणीकर काकांनी पातळीचे सांगितले ते मला पूर्ण मान्य आहे, परंतु एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. संपमध्ये भरायचे पाणी तुम्ही कोणते वापरता? राकसकोप आणि हिडकलचे नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते, म्हणून गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी क्लोरीन घालवायचे थेंब असतातच. त्यांतल्या काही बाटल्यांवर माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थराचे रक्षण होते असे लिहिलेले असते. तो थर तयार करणारा पदार्थ स्किमरला अजिबात मानवत नाही. माझ्या टाकीत एकदा वीस लिटर पाण्याला बेताचेच थेंब टाकले होते, तर स्किमर तीन दिवस साबणाच्या फेसासारखा उफाळत राहिला, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही थांबला नाही. शेवटी कप काढून ठेवून नुसता हवेसाठी चालवावा लागला.

टॉप-अपला आरओचे पाणी वापरा आणि त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) अधूनमधून मोजा. नळाचे पाणी वापरणे भागच असेल तर त्यातला क्लोरीन साध्या सोडियम थायोसल्फेटने घालवता येतो. त्याने फेसावर परिणाम होत नाही. जोडणीची पुट्टी, माशांची औषधे आणि हाताला राहिलेला साबण यांनीही असाच उफाळा येतो. उलट तेलाने फेस मोडतो. डोक्याला तेल लावून तोच हात टाकीत घातला तर तासाभरात फेस खाली बसलेला मी स्वतः पाहिला आहे.

---

संकेश्वरकडचा
२० एप्रिल, रात्री ८.५०

दादा, तुमचा प्रश्न वाचताना मला आमचे गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आले. आता ते बंद आहे, परंतु लहानपणी मी काहिलीच्या कडेला तासन्‌तास उभा राहिलो आहे. रस तापू लागला की त्यात भेंडीचे चिकट पाणी घालायचे, मग रसातली घाण त्या चिकटपणाला धरून वर येते, आणि तपकिरी-हिरवट मळीची साय धरली की गुळव्या ती लांब दांड्याच्या झाऱ्याने हलकेच ओढून घेतो. जाळ जास्त झाला तर मळी निराळी होण्याआधीच सगळा रस उसळून काठाबाहेर येतो. जाळ कमी पडला तर मळी वर न येता रसातच घोळत राहते. चांगला गुळव्या जाळात सारखी ढवळाढवळ करत नाही. एक मोळी चिपाडे सारली की तो काहिलीकडे बघत बसतो, आणि ती जळून तिचा परिणाम दिसल्याखेरीज दुसरी मोळी सारत नाही.

तुम्ही सकाळी एक मोळी घालता आणि संध्याकाळी ओढून काढता, असे मला तुमच्या वहीवरून वाटले. काहील आणि स्किमर एक नाहीत हे मला कळते. तिथे काम उष्णतेचे आहे आणि इथे बुडबुड्यांचे. परंतु वर आलेल्या मळीला निथळायला वेळ द्यायचा, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून माझी विनंती आहे की तुम्ही एकदा रात्री दिवाणखान्यातला दिवा बंद करा, विजेरी कपाटात धरा आणि स्किमरच्या गळ्याकडे नुसते पाच मिनिटे बघा. तळाशी बुडबुडे साबुदाण्याहून बारीक आणि गोल दिसतील. वर जाताना त्यांच्या मधले पाणी उतरते, बुडबुडे मोठे होतात, कोनदार होतात, आणि काठाशी पोहोचेपर्यंत त्यांच्या भिंतींवर तपकिरी कण दिसू लागतात. काठाशीसुद्धा ते तळासारखेच गोल आणि ओले दिसत असतील तर पातळी वर आहे. अर्ध्या गळ्यातच मोठे होऊन फुटत असतील तर पातळी खाली आहे, नाहीतर पाण्यात तेल आहे. हे एकदा डोळ्यांना कळले की वहीतल्या नोंदी आपोआप कमी होतात.

---

टिळकवाडीकर
२७ एप्रिल, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर थांबून, पाहून मग लिहितो आहे.

काका, मी कप्पा मोजला. तो २८ गुणिले ३६ निघाला, म्हणजे तुमच्या अंदाजापेक्षा थोडासाच लहान. सोमवार ते शनिवार व्हॉल्व्हला हात न लावता रोज सकाळी पट्टीने पातळी मोजली, आणि पाणी भरले नाही. पहिल्या दिवशी २३ सेंटिमीटर होती, शनिवारी १३ वर आली. स्किमर जेवढ्या खोल पाण्यात उभा करायचा त्याच्या वरही आणि खालीही मी त्याला आठवड्यातून एकदा नेऊन आणत होतो, आणि ते माझ्या लक्षातच आले नव्हते. मधली काच पुढच्या रविवारी मागे सरकवून घेणार आहे.

वडगावच्या ताईंनी विचारले ते थेंब मी खरोखरच वापरत होतो. बाटलीवर त्या थराचा उल्लेख ठळक अक्षरांत आहे. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी घेतलेली बाटली होती, ती तशीच पुढे चालू राहिली. आता आरओ यंत्राला वेगळा नळ काढून घेतला आहे. तेलाचेही खरे आहे: बुधवारी आणि शनिवारी मी दाणे कॉड लिव्हर तेलात भिजवून देत असे. वहीत बुधवारपुढे फेस बसला असे सलग तीन वेळा लिहिले आहे, आणि त्याच्या वरच्याच ओळीत तेलाचे खाद्य अशी नोंद आहे. दोन्ही ओळी माझ्याच हातच्या असूनही मी त्या कधी एकत्र वाचल्या नाहीत.

काल रात्री विजेरीने गळाही पाहिला. काठाशी बुडबुडे गोलच होते.

विजेचा प्रश्न मात्र राहिला आहे. पावसाळा तोंडावर आहे, आणि दर वेळी वीज आल्यावर घाण टाकीत परत जाणार असेल तर स्किमर असून काय उपयोग?

---

जांबोटीकर
२८ एप्रिल, सकाळी ६.४५

विजेच्या बाबतीत मी थोडे अधिकाराने लिहू शकतो, कारण आमच्या खानापूर तालुक्याच्या या पट्ट्यात जुलैत झाड तारांवर पडले की वीज दुसऱ्या दिवशीही येईल याची खात्री नसते.

वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि टाकीतले वरचे पाणी संपमध्ये उतरते. संपची पातळी अशा वेळी पाच-सहा सेंटिमीटरने सहज चढते. वीज आली की रिटर्न पंप आणि स्किमर एकदमच सुरू होतात. टाकी पुन्हा भरून संप पूर्वीच्या पातळीवर यायला मिनिट-दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात खोल बुडालेला स्किमर कप भरून टाकतो. म्हणून स्किमर उशिरा सुरू व्हायला हवा. मी त्यासाठी फ्रिजला लावतात तो स्टॅबिलायझर वापरतो. त्यात वीज आल्यावर सुमारे तीन मिनिटांनी पुढे प्रवाह सोडण्याची सोय असते आणि स्किमरच्या छोट्या पंपाला ती अगदी पुरेशी ठरते. त्याखेरीज रिटर्नच्या तोंडाशी, टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, एक बारीक भोक पाडा. पाणी तेवढे उतरले की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो, त्यामुळे संपमध्ये येणारे पाणीच कमी होते. त्या भोकात शेवाळ धरते, ते दर आठवड्याला काडीने मोकळे करा.

इन्व्हर्टरवर काही चालवायचे असेल तर आधी हवेचा आणि पाणी हलवण्याचा विचार करा, फेसाचा नंतर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी असल्यामुळे किनाऱ्यावरच्या तुलनेत आपल्या पाण्यात प्राणवायू सुमारे आठ टक्क्यांनी कमी मावतो, आणि खारे, कोमट पाणी मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू धरते. स्किमर मळ काढतो हे आपल्याला कपात दिसते; तो पाण्यात हवा मिसळतो हे दिसत नाही, परंतु बंद पडल्यावर मासे पृष्ठभागाशी आले की कळते. इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर अशा पंपांची घरघर वाढते आणि ते तापतात, तेव्हा साइन वेव्हचाच घ्यावा.

आणखी एक गोष्ट, जी मी किंमत मोजून शिकलो. स्किमर खोलीतली हवा ओढतो, म्हणजे खोलीत जे जळते किंवा फवारले जाते तेही तो पाण्यात कुटतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी घरात रंगकाम झाले आणि त्याच संध्याकाळी डासांसाठी फवारा मारला. सकाळी माझ्या दोन्ही कोळंब्या मेलेल्या होत्या. डासांच्या औषधांतली कीटकनाशके कोळंबीला फारच घातक असतात. तेव्हापासून हवेची नळी भिंतीतून बाहेर पडवीत काढली आहे आणि तिच्या तोंडावर बारीक जाळी बांधली आहे. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असल्यामुळे घरात कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो, तोही त्यामुळे सावरला. तुमच्याकडे क्लीनर कोळंबी आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

---

कारवारकिनारा
२८ एप्रिल, दुपारी ४.२०

बेळगावकडचे काही जण आमच्याकडून किंवा गोव्याहून समुद्राचे पाणी कॅनमधून नेतात, म्हणून थोडे जोडतो. जून ते सप्टेंबर ते नेऊ नका. काळी नदीच्या मुखाशी पावसाळ्यात पाणी इतके गोडे आणि गढूळ होते की क्षारता मोजली तरी भरवसा धरता येत नाही, आणि किनाऱ्यावर लाटांचा जो तपकिरी फेस साठतो तोच दाखवतो की पाण्यात सेंद्रिय पदार्थ किती आले आहेत. असे पाणी टाकीत गेले तर पुढचे काही दिवस स्किमर उफाळणार, आणि त्याचा दोष व्हॉल्व्हला देऊ नये. मिठाचे घरी कालवलेले पाणीसुद्धा लगेच न वापरता एक दिवस पंपाने हलवत ठेवून मग घाला.

---

टिळकवाडीकर
१६ जून, रात्री ९.५०

सात आठवड्यांनी परत लिहितो आहे. काच साडेसात सेंटिमीटर मागे सरकवली, स्किमर मधल्या कप्प्यात पीव्हीसीच्या चार तुकड्यांवर उभा केला आणि पाणी नेमके २० सेंटिमीटर येईल असे पाहिले. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून सुरुवात केली आणि त्यानंतर बारा दिवसांत तो एकूण पाच वेळा फिरवला. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून त्याला हातच लावलेला नाही. काचेवर लिहायच्या पेनाने बाहेरून पातळीची रेघ ओढून ठेवली आहे. सकाळी चहा ठेवताना तिच्याकडे एकदा पाहतो, तेवढे पुरते.

कप आता तीन दिवसांनी भरतो. मळ कोऱ्या चहाहून थोडा गडद असतो आणि त्याला खाडीकाठच्या चिखलासारखा वास येतो. नायट्रेट ४० वरून १५ वर आले आहे. ते सगळे स्किमरमुळे आले असे मी म्हणणार नाही, कारण याच काळात तेलात भिजवलेले खाद्य बंद केले आणि दाणेही कमी केले. क्षारता दर रविवारी मोजतो. एकदा विशिष्ट गुरुत्व १.०२४ पर्यंत उतरले होते, तेव्हा टॉप-अपऐवजी दोन दिवस खारे पाणी भरले.

फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर माळ्यावर होताच, तो लावला. परवा रात्री वादळात वीज चार वेळा गेली आणि आली, आणि कप सकाळी होता तेवढाच भरलेला होता. हवेची नळी खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढली आहे.

एक शंका राहिली आहे. गेल्या चार-पाच दिवसांत रेघ जागच्या जागी असूनही फेस थोडा आळसावल्यासारखा वाटतो आणि पंपाचा आवाज बदलला आहे. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी विचारतो आहे.

---

निपाणीकर
१७ जून, सकाळी ७.१०

हात लावला नाहीत हे फार चांगले केलेत. पातळी तीच असताना फेस कमी झाला आणि आवाज बदलला, तर हवा कमी येते आहे असे समजा. पंपात हवा शिरते तिथे पाण्याचे शिंतोडे सुकून मिठाचा खडा धरतो. नळीचे बाहेरचे टोक कोमट आरओ पाण्याच्या पेल्यात काही क्षण बुडवा, पंप ते ओढून घेईल आणि मीठ विरघळेल. त्या वेळी कप भसकन भरू शकतो, म्हणून आधी तो रिकामा करून ठेवा. एवढ्याने आवाज पूर्ववत झाला नाही तर पंप उघडून नीडल व्हील पाहा. त्याच्या काट्यांवर पांढरा चुन्यासारखा थर असेल, तो निम्मे व्हिनेगर आणि निम्मे पाणी यांत तासभर ठेवल्यावर जुन्या दातघासणीने निघतो. स्वच्छ धुऊन बसवा. मी हे दर दोन-तीन महिन्यांनी करतो, आणि गळ्याच्या आतला चिकट थर दर तिसऱ्या दिवशी बोटाने पुसतो, कारण त्या थरावर फेस नीट चढत नाही.

---

टिळकवाडीकर
१७ जून, रात्री ८.३०

नळीच्या तोंडाशी मसुराच्या डाळीएवढा मिठाचा खडा होता. कोमट पाण्याच्या दुसऱ्या पेल्याला तो विरघळला, पंपाची घरघर थांबली आणि तासाभरात फेस गळ्यात पूर्वीसारखा चढला. रेघ होती तिथेच आहे.